व म्हणजे वॉरंटी

जोडी जुळली तर त्याची रोजची चाळीस मिनिटं वाचणार होती. म्हणजे चहा गरम असताना पिणं, आणि आठवड्यातून दोनदा तरी दुपारी आडवं पडणं. इमारतींचे नकाशे काढणाऱ्या माणसाच्या नशिबी याहून मोठं घबाड नसतं.

दुरुस्तीवाल्याने त्याच्या कॉम्प्युटरमधल्या मेमरीच्या दोन्ही पट्ट्या काढून भिंगाखाली धरल्या. "दादा, अजून दोन लागतील. हुबेहूब अशाच. तीच कंपनी, तोच वेग. सवत आणून बसवली तर मशीन मधेच मान टाकेल. आणि या जातीच्या आता येत नाहीत."

"घरी दुसरं मशीन आहे की. त्याच दिवशी तुमच्याकडूनच घेतलेलं."

"ते वहिनींचं. आधी त्यांना विचारा."

पट्ट्यांवर मार्करने बारीक 'व' लिहिलेला होता. हे काय, असं त्याने विचारलं.

"आमची खूण," म्हणत दुरुस्तीवाला हातातलाच स्क्रू शोधू लागला.

व म्हणजे वॉरंटी, असं त्याने वाटेत ठरवून टाकलं. बायकोला विचारायचं नाही, हेही ठरवलं. कारणं तयार होती. ती नुसती भाषांतरं टाइप करते, अक्षरांना कसली आलीय मेमरी? शिवाय तिचं मशीन मुळातच मठ्ठ. एक पान उघडेपर्यंत तिची भाजी निवडून होते. काम उरकत नाही म्हणून ती पहाटे पाचला उठून बसते. "मशीन अगदी तुझ्यावर गेलंय," असं तो तिला दोन वर्षं चिडवत आला होता. तीही दमलेलं हसत आली होती.

दुपारी ती मान दाखवायला दवाखान्यात गेली. त्याने तिचं मशीन उघडलं.

जोडी नव्हतीच. एकच पट्टी होती, शेजारची खाच रिकामी. पट्टीवर लिहिलं होतं, 'दा'.

दुरुस्तीवाला त्याला दादा म्हणायचा. आणि तिला वहिनी.

दोन वर्षांपूर्वी, मोठं काम अंगावर असताना त्याचं मशीन बंद पडलं होतं. तो डोकं धरून बसला होता. ती मशीन उचलून दुकानात घेऊन गेली आणि संध्याकाळी चालू करून आणलं. "नुसती धूळ होती," म्हणाली होती. त्याची एक पट्टी जळली असणार. तिने आपली जुळलेली जोडीच त्याच्या मशीनला दिली होती, आणि त्याची उरलेली ही इथे.

ती परत आली तेव्हा तो पेचकस घेऊन तसाच बसलेला होता. तिच्या गळ्याला पट्टा होता.

"दुकानातून फोन आला होता मला. सापडली जोडी?"

"सांगितलं नाहीस?"

"तेव्हा तुला घाई होती," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "नंतर मला सवय झाली."

जी चाळीस मिनिटं तो शोधत होता, तेवढी त्याला दोन वर्षं रोज आधीच मिळत होती. त्यांची भरपाई ती पहाटे पाचला उठून करत होती.