भरलेली कॅन

माझ्या बायकोचं, छायाचं, क्रिएटिनिन दिवाळीनंतर चढायचं आणि उन्हाळ्यात आपोआप उतरायचं. जाऊबाईंचं डायलिसिस तिनं जवळून पाहिलेलं, त्यामुळे रिपोर्ट न उघडताच ती माझ्या हातात द्यायची. मी विहिरीच्या पाण्याला शिव्या द्यायचो. यंदा कापूस वेचायला जाताना वावरात फिल्टरच्या पाण्याची कॅनच नेऊन ठेवली. संध्याकाळी ती जवळपास भरलेलीच परत यायची. मला वाटलं, थंडीत तहान लागत नसेल.

रिपोर्ट तरी चढलेलाच आला, १.८.

आर्वीच्या डॉक्टरीणबाईंनी तीन वर्षांचे कागद तारखेप्रमाणे लावले. "हे फक्त वेचणीच्या दिवसांत वाढतं. वावरात पाणी पीत नाही का?"

छाया माझ्याकडे न बघता म्हणाली, "पाणी हाये जी. पण पेलं तं जायचं कुठी? चहूकडून उघडं वावर."

वीस वर्षं मी त्याच वावराच्या धुऱ्यावर, बांधाकडेला, बिनधास्त उभा राहत आलो होतो.

"मले काऊन नाई सांगितलं?"

"तुमाले दिसत नोतं का?"

महिन्याभरानं रिपोर्ट आला, ०.९. डॉक्टरीणबाईंनी तो दोनदा वाचला. "मी तर गोळी दिली नव्हती. केलं काय?"

"वावरात चार बांबू गाडले जी, अन् आडोशाले जुनी ताडपत्री बांधली," मी म्हणालो.

छाया हसायला लागली. "बाजूच्या वावरातल्या बायाबी येतात आता. दोन कॅन न्या लागते."