सतरा नंबरचं फूल

आर्डिसनं खुंटीवरची लायलची पिशवी काढून आपल्या हातानं मर्नाच्या गळ्यात घातली, तेव्हा मर्नाच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"सात वर्षं लटकतेय बिचारी," आर्डिस म्हणाली. "आज तरी घाल. लायललाही बरं वाटेल."

माझ्या नवऱ्याला कशानं बरं वाटायचं ते तूच जाणे, हे शब्द मर्नाच्या अगदी ओठांवर आले होते. पण शेडमध्ये माणसं होती. तिनं गुमान लिंबू सरबताचा जग उचलला आणि टेबलाकडे निघाली.

ती बिया गोळा करण्यासाठीची पिशवी होती, जाड कॅनव्हासची. माळावर राबणाऱ्या प्रत्येकाची अशी एक असे. माणूस गेला की त्याची पिशवी खुंटीवरच राहायची. तिच्यात हात घालायचा तो घरच्यांनीच, असा इथला शिरस्ता होता. मर्नानं सात वर्षांत तिला बोटसुद्धा लावलं नव्हतं.

जुलैतला हा रविवार माळ बघायला सगळ्यांना मोकळा असे. एकेकाळी इथं नुसता मका होता. आता माणसाच्या उंचीचं गवत होतं आणि त्यात जांभळी-पिवळी फुलं. मक्याआधीचा रानमाळ परत उभा करायला स्वयंसेवकांनी तुकडे वाटून घेऊन ते सगळं पेरलं होतं. आर्डिसचा तुकडा सतरा नंबरचा, पायवाटेवर मधोमध. मर्नाचा सगळ्यात शेवटचा, उत्तरेच्या कुंपणाला लागून. तिथं पोचायला सगळ्यांचे तुकडे ओलांडावे लागत, म्हणून लायल त्याला 'कॅनडा' म्हणायचा.

यंदा गर्दी दुप्पट होती. आर्डिसच्या तुकड्यात पांढरं, झालरीच्या पाकळ्यांचं ऑर्किड फुललं होतं. या माळावरचं पहिलंच.

आर्डिस ज्याला त्याला सांगत होती, की जुनं मूळ जमिनीत निजलं असणार आणि मार्चमध्ये गवत जाळलं तेव्हा ते जागं झालं. शेजारी मक्याची शेती करणारा डेल मान डोलावत होता. सतरा नंबरच्या त्या ओलसर कोपऱ्यात आपल्या आज्याचे घोडे पोटापर्यंत रुतायचे, तिथं कधी नांगर लागलाच नाही, म्हणाला. वर हेही म्हणाला, की बापानं ज्या तणापायी पाठ मोडून घेतली, तेच बघायला आता लोक मोटारी घेऊन येतात.

पुरुषांना काहीही पटतं, मर्नाच्या मनात आलं.

तिला खरं ठाऊक होतं. सात वर्षांपूर्वीच्या ऑक्टोबरात लायल स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ऑर्किडचं बी पाकिटात भरत होता. दुसऱ्या माळावरून परवानगीनं आणलेलं, पिठाहून बारीक. पाकीट चिकटवून त्यानं तळहाताच्या आडोशानं वर काहीतरी लिहिलं. कुठं टाकणार, असं तिनं विचारलं होतं.

"ऑर्किडची जागा बायकोलाही सांगायची नसते," तो हसला होता. "नियम तो नियम."

चार दिवसांनी तो छातीत कळ येऊन पडला. कुठं, तर सतरा नंबरच्या तुकड्यात. सापडला कुणाला, तर आर्डिसला. त्या बीचं फूल व्हायला सात वर्षं लागतात. मर्नानं बोटांवर मोजून पाहिलं होतं, एकदा नाही, रोज. मेलेल्या माणसाशी भांडता येत नाही आणि जिवंत बाईला विचारायची तिला लाज वाटे. सात वर्षं तिनं नुसता संशय गिळला होता. आता तो संशय फुलून वर आला होता आणि लोक त्याचे फोटो काढायला येत होते.

आर्डिसनं टाळ्या वाजवून सगळ्यांना गोळा केलं. मग ती मर्नाच्या कानाशी आली.

"तू पुढं हो. मी यांना टेकाडावरून फिरवून आणते. आधी तू एकटीनं बघ."

तोरा बघा बाईचा. मर्ना तरातरा निघाली.

फूल जाळीच्या पिंजऱ्यात होतं. हरणांपासून जपायला आर्डिसनं तो स्वतः विणला होता. एका देठावर दहा-बारा पांढरी फुलं, वाऱ्यावर हलणारी. इतकी सुंदर, की मर्नाला रडू फुटलं. तिच्या आवारात लायलनं साधी शेवंतीही कधी लावली नव्हती.

तिनं पिंजऱ्याच्या दाराचा आकडा काढला आणि अंगठ्याच्या नखानं देठ खुडला.

टेकाडावरून आवाज आले. तिनं तुरा पिशवीत कोंबला, पिंजरा लावून टाकला आणि बाजूला उभी राहिली.

आर्डिस आली ती हसतच. मग तिला नुसता देठ दिसला. तिनं पिंजऱ्याच्या लावलेल्या आकड्याकडे पाहिलं, मग मर्नाच्या हिरव्या झालेल्या नखाकडे.

"हरणानं खाल्लं," ती लोकांकडे वळून म्हणाली.

"आणि पिंजरा परत लावून गेलं होय?" डेलनं विचारलं.

"आमच्याकडची हरणं वळणाची आहेत, डेल." लोक हसले. आर्डिसचा आवाज मात्र फाटला होता. "चला, तळ्याकडे जाऊ. तिथं कमळं आहेत."

मर्ना एकटी उरली. तिला वाटलं होतं तसं हलकं काही वाटेना. तुरा कुंपणापलीकडे फेकून मोकळं व्हावं म्हणून ती आपल्या तुकड्यापर्यंत चालत गेली आणि तिनं पिशवीत हात घातला. फुलांच्या खाली, आतल्या कप्प्यात, बोटांना कागद लागला.

पाकिटावर लायलचं तिरकं अक्षर होतं. 'कॅनडात, कुंपणाच्या तिसऱ्या खांबापाशी. फुलेपर्यंत मर्नाला सांगायचं नाही.'

पाकिटाचं तोंड चिकटवलेलंच होतं. तिनं ते उन्हाकडे धरून तिरकं केलं, तशी आतली बारीक धूळ एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात सरकली.