मधोमध म्हैस

सुपडू फोटोवाल्याने लेन्स साफ करताना आतली एक काच उलटी बसवली. पण असं काही झालंच नाही, हे त्याच्या घरात एकमताने ठरलं आहे, तेव्हा आपणही तेच धरून चालू.

पंचावन्न साल होतं. राज्यांच्या सीमा ठरवणारे साहेब बुऱ्हाणपुरात एकच दिवस थांबणार होते. जवळचं आपलं इच्छापूर गाव मराठी राज्यात जावं म्हणून, इथे मराठी माणसं किती आहेत ते दाखवणारा अख्ख्या गावाचा फोटो त्यांच्या हाती द्यायचा होता. आदल्या दिवशी सुपडूने परातीत लेन्स सुटी केली आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्याने बुरशी पुसली.

"अहो, ही काच कोणत्या अंगाने होती?" बायकोने, मालूबाईने विचारलं.

"दोन्हीकडून आरपार दिसतंय ना? मग झालं तर!"

सकाळी तीनशे माणसं देवीच्या देवळापुढे उभी राहिली. गावाची ऐपत सरकारला कळावी म्हणून दगा पाटलाने आपली नवी म्हैस मधोमध आणली. फोटो धुऊन निघाला तेव्हा म्हैस पापण्यांसकट लख्ख होती, आणि भोवतालचं सगळं गाव, दावं धरलेल्या दगासकट, धुक्यात विरघळलं होतं. साहेबांची गाडी तासाभरात सुटणार होती. सुपडूने कपाळाचा घाम पुसला आणि फोटोखाली सुवाच्य अक्षरात लिहिलं:



"म्हशीबाबत आमचा आग्रह नाही, परंतु बाजूच्या सर्व धूसर आकृती मराठी भाषिक समजून गाव मराठी राज्यास जोडावे, ही नम्र विनंती."