कोनच्या बाई

कोन गावच्या शाळेत दिनानाथ गुरुजींनी पटावरची मुलं सांगितली, वर्ग सांगितले, आणि शाळेला नर्स आहे का, या प्रश्नावर म्हणाले, "बाई आहेत."

मनासे अष्टमकरचं पेन थांबलं. भातकापणी सुरू झाल्यापासून तो पनवेल तालुक्यातल्या शाळा पालथ्या घालत होता. कुठल्या भागात किती विद्यार्थ्यांमागे किती नर्सा आहेत, याची मोजणी आरोग्य खात्यानं सत्तावन्न साली काढली होती. विचुंब्यापासून खाडीकाठच्या गावांपर्यंत प्रत्येक शाळेपुढे त्यानं शून्य लिहिलं होतं. खेड्यात नर्स टिकतच नाही, मग पाठवायची कशाला, असं वरचे साहेब म्हणत. मनासेला ते पटत नव्हतं, पण दाखवायला त्याच्यापाशी एकही नर्स नव्हती.

"रोज येतात?" त्यानं विचारलं.

"इथंच राहतात," गुरुजी म्हणाले आणि फळ्याकडे वळले.

पडवीत मुलांची रांग लागली होती. पस्तिशीच्या आसपासची एक बाई पांढऱ्या लुगड्याचा पदर खोचून एकेकाच्या पापण्या उलटून बघत होती. खुपऱ्या दिसल्या की मलम घालत होती. खरूज झालेल्यांना तिनं वेगळं बसवलं होतं. पोरं तिला नर्सबाई म्हणत होती.

मनासेनं आपण कोण, कशासाठी आलो ते सांगितलं. तिचा हात क्षणभर थबकला.

"पटावरची मुलं धरता की हजर असलेली?" तिनं विचारलं.

"पटावरची."

"या दिवसांत निम्मी शेतावर असतात. तेही लिहा कुठंतरी."

बाई मुरलेली आहे, असं मनासेच्या मनात आलं. त्याला फार बरं वाटलं. साहेबांचं म्हणणं खोटं पाडायला एवढी एक पुरेशी होती. बाकीची माहिती विचारून बारापर्यंत मोकळं व्हायचं आणि पेणची एसटी गाठायची, असा त्याचा बेत होता. तो शुक्रवार होता. मनासे बेने इस्रायल, ज्यू होता; सूर्यास्ताला शब्बाथचा दिवा लागायच्या आत पेणला घरी पोचायचं, हा त्याचा लग्नापासूनचा नेम. बायको एलिशेबा त्याची वाट पाहत असणार.

तेवढ्यात जनी नावाची एक बाई कडेवर सहा-सात वर्षांची मुलगी घेऊन धापा टाकत आली. मुलीची मान सुजली होती आणि श्वास घेताना घशातून घरघर येत होती.

"माजी मालू कालधरनं काय गिलत नाय," जनी म्हणाली. "आमी हलद लावली, काय उतार नाय."

बाईनं मालूला उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि चमच्याच्या दांड्यानं जीभ दाबली. आत पाहून तिनं चमचा हळूच बाजूला ठेवला. जनीला ऐकू जाणार नाही अशा आवाजात ती मनासेला म्हणाली, "घशात पांढरा पापुद्रा आहे. घटसर्प असावा, नक्की डॉक्टर सांगतील. तुम्ही हिला घेऊन पनवेलला जाल का? मला हिच्या वर्गातली सगळी मुलं आत्ताच बघायला हवीत."

मनासेच्या मनात एसटी आली. मग त्यानं कागद पिशवीत कोंबले आणि मालूला उचललं.

मुंबई-पुणे रस्त्यावर त्यानं हात करून मालट्रक थांबवला. ड्रायव्हरनं मुलीकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता दार उघडलं. वाटेत मालूचे ओठ निळसर पडू लागले. जनी तिचे पाय चोळत होती. मनासेनं तिला सरळ धरून ठेवलं आणि तो पुटपुटत राहिला. प्रार्थना हिब्रू होती. जनीला त्यातलं काही कळलं नाही, तरी तिनं हात जोडले.

दवाखान्यात मोठी रांग होती. कोनच्या बाईंनी पाठवलंय म्हटल्यावर डॉक्टर उठूनच आले. त्यांनी घसा पाहिला, इंजेक्शन दिलं आणि मुलीला आत नेलं. मनासे बाहेर बाकावर बसला. पेणची एसटी त्याच्या डोळ्यांदेखत समोरून गेली. दुपारी डॉक्टर बाहेर आले. संध्याकाळपर्यंत थांबली असती तर हाती लागली नसती, आता जगेल, असं त्यांनी सांगितलं. जनी भिंतीला टेकून खाली बसली आणि रडू लागली.

आता घरी वेळेवर पोचणं शक्य नव्हतं. मनासे कोनला परत गेला. निरोप सांगायचा होता आणि माहितीही अपुरी होती.

शाळा सुटली होती. मालू वाचली हे ऐकून गुरुजींनी डोळे पुसले. बाई पायरीवर बसल्या, पदरानं चेहरा टिपला. वर्गातल्या आणखी कुणाला काही नाही, एवढंच मग म्हणाल्या.

मनासेनं कागद काढला. दिवसभराचा शीण असूनही तो खुशीत होता. शून्य न लिहिण्याची ही त्याची पहिलीच वेळ. नर्सांच्या रकान्यात त्यानं ठसठशीत एक लिहिला.

"नाव?"

"वेणू देवधर."

"कुठून आलात?"

"पुण्याहून. पाच वर्षं होतील."

"खातं?"

"आले तेव्हा आरोग्य खात्याचीच होते."

त्यानं तेही लिहिलं. "म्हणजे नर्सची नेमणूक खात्यानंच केली."

बाईंनी गुरुजींकडे पाहिलं. गुरुजी खाली बघत होते.

"तो एकचा आकडा खोडून टाका," त्या म्हणाल्या. "मला खात्यानं पाठवलं होतं ते शाळांतल्या नर्सा मोजायला."