अर्धा आटा जादा

संस्कृतीनं पहिल्या पॅडवर काठी मारली आणि स्पीकरमधून काहीच आलं नाही. दुसऱ्यावर मारली, तर ते मडक्यात तोंड घालून बोलल्यासारखं पुटपुटलं. मांडवातल्या बायका हळदीची ताटं धरून थांबल्या. बेलापूरच्या त्या अंगणात निम्मं गाव जमलं होतं आणि सगळ्यांचं लक्ष एकाच जागी होतं, कारण कानिफनाथच्या बँजो पार्टीत आज पॅडवर त्याची पोरगी उभी होती.

नवरदेवाचा मामा गोरक्ष पुढं आला. "कानिफनाथ, म्या आधीच सांगितलं हुतं, पॅडवर सुनीलला आना म्हनून. आता घटकाभर बघतो, न्हाईतर डीजेवाल्याला फोन लावतो."

"लावू नका, मामा," संस्कृतीच बोलली. "पाच मिनिटं द्या."

डीजे आला की या पोरीच्या हाती पुन्हा कुणी पॅड देणार नाही, हे कानिफनाथला पक्कं ठाऊक होतं. पार्टी त्याच्या नावाची असली, तरी बाकीच्या वादकांपुढं मग त्याचंही काही चाललं नसतं.

पॅडं तिनं स्वतः बनवली होती. श्रीरामपूरच्या दुकानातून पितळी चकत्या आणल्या होत्या, त्यांच्यावर पांढऱ्या सिरॅमिकचा पातळ थर. एकेका पत्र्याखाली एकेक चकती, वर रबर, कडेनं बोल्ट. ठोका बसला की चकती लवते, लवली की कणभर वीज सोडते आणि तेवढ्या विजेवर मशीन आवाज काढतं. कॉलेजात शिकलेलं तिनं घरच्या ओट्यावर वाजवून दाखवलं, तेव्हा कानिफनाथ गल्लीभर सांगत सुटला होता.

तिनं पॅड उलटं केलं, बोल्ट चाचपले आणि मान वर केली. "आप्पा, पाना कुणी लावला ह्यांना?"

"म्या," कानिफनाथ म्हणाला. त्यात लपवायचं काय होतं? "काल सांच्याला. टेम्पोत हादरून ढिलं हुईल म्हनलं. आन आवाजबी जरा खणखणीत निघंल."

उभा जन्म ढोलकी वाजवलेला माणूस तो. ढोलकी उतरली की पाना लावायचा, बोल्ट आवळून चामडं चढवायचं, मग ती कशी छान बोलते. त्याच हिशेबानं त्यानं लेकीची पॅडंही अर्धा आटा जादा आवळली होती. पहिल्यावर मुख्य ठोका, म्हणून त्याला तर चांगला जोर लावून.

संस्कृतीला रागही आला आणि हसूही. "आप्पा, चामड्याला ताण लागतो. आतल्या चकतीला लवायला जागा लागते. तुम्ही वरून दाबून धरलीत, ती बोलणार कशी?"

तिनं हात पुढं केला. कानिफनाथनं गुपचूप पाना दिला. तिनं एकेक बोल्ट सैल केला आणि काठी मारून पाहिली. दुसरं पॅड बोललं. तिसरं, चौथंही बोललं. पहिलं मात्र गप्पच राहिलं.

"ह्याचं काय झालं गं?"

तिनं आतली चकती काढून त्याच्या तळहातावर ठेवली. ना चीर, ना ओरखडा. दिसायला अगदी धड होती.

"दाब सोसवला नाही की हिच्यातली वीजच मरते," ती म्हणाली. "मग सैल केली तरी परत येत नाही."

कानिफनाथनं चकती उलटसुलट करून पाहिली. सगळ्यात जास्त माया करून आवळलेली तीच होती.

"दुसरी बसवू उद्या," संस्कृती म्हणाली. तिच्या आवाजात जरासुद्धा कातरपणा नव्हता. "आज पहिला ठोका तुम्ही द्या, ढोलकीवर. बाकी मी बघते."

लेकीनं हुकूम सोडला आणि बापानं मुकाट्यानं ढोलकी गळ्यात अडकवली.

पहिला ठोका त्याचा पडला, पुढचे तिचे. बघता बघता बायकांनी ताटं खाली ठेवली, पोरं मांडवात घुसली आणि करवल्यांनी पदर खोचले. तिच्या काठ्यांखाली सैल पत्रे डुगडुगत होते आणि आवाज पार कारखान्याच्या रस्त्यापर्यंत जात होता. कानिफनाथला वाटलं, आपण एवढी लग्नं वाजवली, पण वाजवताना असं सुख कधी मिळालं नव्हतं.

तेवढ्यात गोरक्ष नाचणाऱ्यांतून वाट काढत आला, घामाघूम, तोंडभर हळद. तो कानिफनाथच्या कानाशी वाकला.

"पोरगी लई भारी वाजवती राव. पन तिचं पॅड निस्तं डुगडुगतंय. आवळा की जरा, पाना हाय न्हवं तुमच्याकडं?"

पाना समोरच पडला होता. कानिफनाथनं त्याच्याकडं पाहिलं आणि आपला ठोका वेळेवर दिला.

"डुगडुगू द्या," तो म्हणाला. "तसंच बोलतं ते."