पोटातल्या कॉम्प्युटरची पूजा

"फोल्डर अजून दिसेना?" झेंडूचं ताट घेऊन सासूबाई दारात उभ्या.

वृषालीने मान हलवली. दिवाळी अंकाची पानं जुन्या सॉफ्टवेअरमध्ये लावलेली, आणि ते चालायचं फक्त तिच्या कॉम्प्युटरच्या पोटात बसवलेल्या दुसऱ्या, जुन्या, आभासी कॉम्प्युटरवर. दोघांमधला सामायिक फोल्डर दिसला, तरच पानं बाहेर येणार. छापखानेवाल्याने बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत पानं आली नाहीत तर अंक दिवाळीनंतर. सकाळी तिने फोल्डरसाठी आतल्या कॉम्प्युटरमध्ये नवी जोडणी टाकली होती, मग कितीदा तरी कॉम्प्युटर बंद-चालू केला होता.

"आज खंडेनवमी. पूजेला अवजार थंड हवं. बंद कर बघू."

"आई, दोनच मिनिटं!"

"सकाळपासून तुझी दोनच मिनिटं चाललीयेत."

चरफडत तिने माऊस हातात घेतला.

"आणि तो पोटातला?"

"तो आपोआप झोपतो. उठला की होता तिथूनच सुरू."

"झोपलेल्याला कुंकू लावतात का गं? त्यालाही नीट बंद कर."

हसत हसत तिने आतला कॉम्प्युटर पहिल्यांदाच पुरता बंद केला. कुंकू लागलं, झेंडू वाहिला. मग दोन्ही चालू केले, तर फोल्डर समोर!

वृषालीने कपाळावर हात मारला. नवी जोडणी कळायला आतल्यालाच नव्याने सुरू व्हायचं होतं, आणि ती मात्र बाहेरच्याला उठवत बसली होती.

"आई, दिसला!"

"दिसणारच. कुंकू लावलंय."

खरं कारण सांगायला वृषालीने तोंड उघडलं, तोच सासूबाईंनी त्यात पेढा कोंबला.