शोधांचा आकडा

वल्लरीने विद्यापीठाच्या ग्रंथालयाची वेबसाइट नव्याने केली होती. पुस्तकं, प्रबंध, जुने अंक, काहीही शोधायला आता एकच चौकट. आठवडाभर तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. सिंदी मेघे गावातल्या आपल्या घरी जेवतानाही ती मोबाइलवर शोधांचा आकडा बघायची. शनिवारी तो हजारापार गेला, तसे ग्रंथपाल खूश झाले. "आता काउंटरवर माणूस कशाला?" म्हणत त्यांनी केशवकाकांच्या बदलीच्या पत्रावर सही केली. ते पत्र घेऊन वल्लरी खाली आली. काउंटरपुढे पोरांची रांग होती आणि काका एका बोटाने कीबोर्ड बडवत होते.



"जरा थांबा, मॅडम. पोरं मलेच विचारतात, मंग मी तुमच्या वेबसाइटले विचारतो. या हप्त्यात हजारेक वेळा तरी विचारलं असन."